नॅनोतंत्रज्ञान भविष्यकाळात शिकवू नका

विज्ञान शिकवणाऱ्या आणि विज्ञानाची पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी सव्वीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. त्यातली निदान पंधरा वर्षे 'नॅनोतंत्रज्ञानाचे उपयोग सांगा' या प्रश्नाची उत्तरे तपासली. अक्षर वेगळे, शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या, पण क्रियापद सगळ्यांचे एकच. असाध्य रोग बरे होतील. पाणी शुद्ध होईल. रक्तातून सूक्ष्म यंत्रे फिरतील आणि कर्करोगाच्या पेशी शोधून मारतील. सगळे 'होईल', 'येईल', 'करता येईल'. मी त्यांना पूर्ण गुण देत आले, कारण फळ्यावर तसे मीच लिहून दिले होते, आणि मी ते पुस्तकातून उतरवले होते.

निवृत्तीनंतर एका साथीच्या दिवसांत मी हातात तपासणीची पट्टी धरून बसले होते. पंधरा मिनिटांनी तिच्यावर लाल रेघ उमटली. त्या रेघेचा लाल रंग बहुतेक पट्ट्यांमध्ये सोन्याच्या कणांचा असतो, वीस-चाळीस नॅनोमीटर व्यासाच्या कणांचा, हे मला माहीत होते. तरी इतक्या वर्षांत एकाही वर्गात मी हे सांगितले नव्हते. मी मुलांना जे 'होईल' म्हणून शिकवत होते, ते होऊन कितीतरी वर्षे झाली होती. हे पत्र त्या खंतीतून लिहिते आहे, आणि माझी मागणी एकच आहे: हा विषय वर्तमानकाळात शिकवा.

सूक्ष्म यंत्रांचे ते चित्र आले कुठून, हे आधी पाहू. २९ डिसेंबर १९५९ रोजी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एक व्याख्यान दिले. एकेक अणू उचलून हवा तिथे ठेवता आला तर काय काय करता येईल, असा त्यांचा प्रश्न होता. 'नॅनोतंत्रज्ञान' हा शब्द त्यांच्या व्याख्यानात नाही. तो १९७४ मध्ये जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी वापरला. पुढे १९८१ मध्ये गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक, म्हणजे सुईच्या अतिसूक्ष्म टोकाने पृष्ठभागावरचे अणू दाखवणारे साधन, बनवला, आणि १९८९ मध्ये डॉन आयग्लर यांनी त्याच्या टोकाने झेनॉनचे ३५ अणू निकेलच्या पृष्ठभागावर सरकवून आयबीएम या आपल्या कंपनीच्या नावाची तीन अक्षरे लिहिली. त्या अक्षरांचे चित्र आपल्या पुस्तकांत असते. असायलाच हवे, कारण माणसाने एकेक अणू हाताळल्याचा तो पुरावा आहे. पण त्याखाली हे छापलेले नसते की त्यासाठी निकेलचा तो तुकडा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागला होता, आणि या रीतीने बाजारात जाणारी एकही वस्तू तयार होत नाही.

ज्या वस्तू तयार होतात त्या फार वेगळ्या वाटेने. रसायनशास्त्रज्ञ चंचुपात्रात द्रावण घेतो, तापमान, आम्लता आणि ढवळण्याचा वेग नेमका ठेवतो, आणि अणूंना स्वतःहून जमू देतो. कण हव्या त्या आकाराचे झाले की वाढ थांबवतो. अणू उचलून ठेवायचे नाहीत, ते आपोआप नीट बसतील अशी परिस्थिती करायची. ही गोष्ट मुलांना यंत्रमानवापेक्षा कमी रोमांचक वाटेल अशी भीती बाळगू नका. मी नंतर शेजारच्या मुलांना सांगून पाहिली आहे. डोळे तितकेच मोठे होतात.

मग सुरुवात कुठून करायची? 'एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग' या व्याख्येपासून तर मुळीच नको. ती पाठ होते आणि तिथेच संपते. सुरुवात पृष्ठफळापासून करा.

एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता तो एक मिलिमीटर बाजूच्या घनांत कापा. एक हजार तुकडे झाले, वस्तुमान तेच राहिले, पृष्ठफळ मात्र ६० चौरस सेंटिमीटर झाले. असेच कापत एक नॅनोमीटर बाजूपर्यंत या. हिशेब मुलांनाच करू द्या. घातांकाचा एवढा चांगला सराव दुसरा नाही. उत्तर येते ६००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात दीड एकर पृष्ठभाग दडलेला असतो, हे वहीतल्या स्वतःच्या आकडेमोडीतून कळले की ते विसरत नाही.

त्याच्या जोडीला गोट्या घ्या. एक गोटी मध्ये ठेवली की तिला चिकटून भोवती बरोबर १२ गोट्या बसतात. त्यांच्यावर पुढचा थर ४२ गोट्यांचा. एकूण ५५. सोन्याच्या ५५ अणूंचा असा कण सुमारे १.४ नॅनोमीटरचा असतो, आणि त्यातले ४२ अणू बाहेर, उघड्यावर असतात. सोन्याच्या अंगठीत लाखो अणूंमागे एखादाच पृष्ठभागावर असतो. इथे चारातले तीन आहेत. आतल्या अणूला चहूकडून शेजारी असतात, तो निवांत असतो. बाहेरच्याचे काही हात रिकामे असतात, म्हणून तो दुसऱ्याशी अभिक्रिया करायला तयार असतो. सोने निष्क्रिय धातू आहे असे आपण शिकवतो, आणि ते खरेच आहे. पण जपानच्या मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवले की काही नॅनोमीटरचे सोन्याचे कण योग्य आधारावर बसवले तर ते शून्य अंशाच्या खालीसुद्धा कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करतात. पदार्थ तोच, अणू तेच, फक्त आकार लहान झाला आणि स्वभाव पालटला. माझ्या मते या विषयात शिकवण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. बाकीचे उपयोग तिच्यामागून येतात.

मोटारीच्या धुराड्यातला उत्प्रेरक घ्या. सत्तरच्या दशकापासून तो गाड्यांना बसवला जातो. चिनी मातीसारख्या पदार्थाची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर ॲल्युमिनाचा खडबडीत लेप, आणि त्या लेपावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे काही नॅनोमीटरचे कण. सगळे मिळून धातू काही ग्रॅमच. तेवढ्यावर तो विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजन करून टाकतो. तेच काही ग्रॅम एका मण्याच्या रूपात धुराड्यात टांगले असते तर काही झाले नसते. आणि हा उत्प्रेरक कालांतराने निकामी का होतो, हेही सांगा: उष्णतेने ते कण सरकत एकमेकांना चिकटतात, मोठे होतात आणि पृष्ठफळ घटते. वर्गात केलेल्या घनाच्या हिशेबाची ही उलटी बाजू. आकार गेला की काम गेले.

रंगाची गोष्ट त्याहून सुंदर आहे. १८५७ मध्ये मायकेल फॅरडे यांनी सोन्याच्या क्षारापासून माणकासारखे लाल द्रव बनवले. त्यातून प्रकाशाचा झोत सोडला की त्याचा मार्ग दिसतो, म्हणजे हे नुसते द्रावण नाही, आत अतिशय बारीक सोने तरंगते आहे, हे त्यांनी ओळखले. आपण ज्याला कलिल म्हणून शिकवतो ते हेच. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे नमुने आजही आहेत. त्याच्याही कितीतरी आधी, चौथ्या शतकातल्या रोमन कारागिरांनी केलेला एक काचेचा पेला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बाहेरून उजेड पडला तर तो हिरवट दिसतो, आत दिवा ठेवला तर लाल. त्या काचेत सोन्याचांदीचे नॅनोकण आहेत. त्या कारागिरांना अणू माहीत नव्हते, हातचे कसब माहीत होते.

तीच किमया तपासणीच्या पट्टीत आहे. सोन्याच्या कणांना प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. नमुन्याचा थेंब टाकला की तो टीपकागदात चढावा तसा पट्टीतून पुढे सरकतो आणि या कणांना बरोबर नेतो. नमुन्यात विषाणूचे प्रथिन असेल तर प्रतिपिंडे ते पकडतात. पुढे पट्टीवर एका रेषेत दुसरी प्रतिपिंडे पक्की बसवलेली असतात. ती त्याच प्रथिनाचे दुसरे टोक धरतात आणि कण तिथेच अडकतात. पुरेसे कण अडकले की डोळ्यांना लाल रेघ दिसते. विजेची गरज नाही, यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. गर्भधारणेच्या अनेक चाचण्याही याच तत्त्वावर चालतात. ज्या मुलाने ही पट्टी स्वतःच्या घरात पाहिली आहे, त्याला आपण 'भविष्यात रोगनिदान सोपे होईल' असे लिहायला लावतो.

क्वांटम डॉट, म्हणजे ज्यांचा रंग आकारावर ठरतो असे अर्धवाहकाचे नॅनोकण, थोडक्यात सांगते. कॅडमियम सेलेनाइड या एकाच पदार्थाचे दोन-तीन नॅनोमीटरचे कण निळे-हिरवे प्रकाशतात आणि सहाएक नॅनोमीटरचे लाल. कण जितका लहान, तितकी त्यातल्या इलेक्ट्रॉनची कोंडी जास्त आणि प्रकाशाची ऊर्जा अधिक. या कणांच्या शोधासाठी आणि ते घडवण्याच्या पद्धतीसाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मौंगी बवेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सेई एकिमोव्ह यांना मिळाले. दूरचित्रवाणीच्या काही पडद्यांत हे कण रंगांचे काम करत आहेत.

औषधांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत मोठे आश्वासन तिथे दिले गेले आणि सर्वांत जास्त गोंधळही तिथेच आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधाचे एक नवे रूप मंजूर झाले. औषध जुनेच होते, पण ते सुमारे शंभर नॅनोमीटरच्या स्निग्ध कुपीत बंद केलेले. कुपीमुळे औषध रक्तात जास्त वेळ टिकते आणि हृदयाला होणारी इजा कमी होते. हा खराखुरा, रुग्णाला जाणवणारा फायदा. पण 'कण थेट गाठीवरच जाऊन आदळतात' हे जे आपण चित्रात बाण काढून दाखवतो, ते तसे घडत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात प्राण्यांवरचे दहा वर्षांचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारा भाग मध्यक मूल्याने फक्त ०.७ टक्के निघाला. उरलेले बरेचसे यकृत आणि प्लीहा अडवतात, कारण परके कण गाळून काढणे हे त्यांचे कामच आहे. हा आकडा मुलांपासून लपवू नका. त्यांच्यातलेच कोणीतरी तो वाढवणार आहे, आणि त्याला आधी तो माहीत असायला हवा.

याउलट जिथे यकृतापर्यंतच जायचे होते तिथे हे तंत्र अचूक बसले. २०१८ मध्ये मंजूर झालेले पॅटिसिरान हे औषध लिपिड, म्हणजे स्निग्ध, नॅनोकणांतून यकृताच्या पेशींत जाते आणि एका आनुवंशिक रोगात तयार होणारे घातक प्रथिन तिथेच रोखते. दोन वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, त्याच जातीचे कण एमआरएनए लशींतून जगभर पोचले. त्या कणाची रचना वर्गात फळ्यावर काढण्यासारखी आहे. एमआरएनए हा पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा लांब, नाजूक, ऋण प्रभाराचा रेणू; उघडा सोडला तर विकरे त्याचे तुकडे करतात आणि पेशीच्या पटलातून तो आत जात नाही. म्हणून त्याला चार प्रकारच्या स्निग्ध रेणूंत गुंडाळतात. त्यांतला एक फार विलक्षण आहे. आम्लात तो धन प्रभारित होतो, म्हणून कण बनवताना एमआरएनएला घट्ट धरतो. रक्तात आम्लता नसते, तिथे तो उदासीन होतो आणि पेशींना अपाय करत नाही. पेशी त्या कणाला एका पिशवीत गिळते, पिशवी हळूहळू आम्लधर्मी होते, आणि तिथे तो पुन्हा धन होऊन पिशवीची भिंत फोडतो. थोडाच माल बाहेर पडतो, पण तेवढा पुरतो. आम्ल-आम्लारी हा धडा आपण लिटमस कागदावर संपवतो. त्याच धड्याच्या बळावर ही लस पेशीच्या आत उतरते, हे एका तासात सांगून होते.

इतर उपयोगांचा मी इथे नुसता उल्लेख करते, कारण तत्त्व कळले की ते मुले स्वतः उलगडतात. झिंक ऑक्साइडचा लेप पांढरा दिसतो, पण त्याचे कण दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान केले की तो पारदर्शक होतो आणि अतिनील किरण मात्र शोषतच राहतो. लिथियम आयर्न फॉस्फेटमधून वीज नीट वाहत नाही. त्याचे कण बारीक करून त्यांना कार्बनचा लेप दिला तेव्हा कुठे ते बॅटरीत चालू लागले. टायरमधली काजळी तर शंभर वर्षांपासून रबराला बळ देते आहे, आणि तिचे मूळ कण शंभर नॅनोमीटरच्या आतबाहेरचेच. मोबाइलच्या चिपवर जे '३ नॅनोमीटर' म्हणून सांगतात ते मात्र पिढीचे व्यापारी नाव आहे, मोजमाप नव्हे; त्या चिपमध्ये लागोपाठच्या दोन गेटमधले (प्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागांमधले) अंतर चाळीस-पन्नास नॅनोमीटरच्या घरात असते. तेही थक्क करणारे आहे. ती नक्षी ज्या प्रकाशाने कोरतात त्याची तरंगलांबी १३.५ नॅनोमीटर, आणि तो मिळवण्यासाठी वितळलेल्या कथलाचे सेकंदाला पन्नास हजार थेंब लेझरने उडवतात. खरे इतके मोठे असताना नावाचा आकडा मापाचा म्हणून का शिकवावा?

धोक्यांचा भाग आपण शेवटच्या दोन ओळींत उरकतो: 'नॅनोतंत्रज्ञानाचे काही दुष्परिणामही असू शकतात.' हे वाक्य कृपा करून पुस्तकातून काढा. ते काहीच सांगत नाही. जे पृष्ठफळ काम करते तेच उपद्रवही करते, हे मुलांना समजेल. चांदीचे कण जिवाणू मारतात म्हणून मोज्यांत घातले गेले. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी असे मोजे पाण्यात धुऊन पाहिले, तेव्हा काहींतून चांदी भराभर पाण्यात उतरली. सांडपाण्यात गेलेली चांदी चांगले आणि वाईट जिवाणू वेगळे ओळखत नाही. त्याच वर्षी उंदरांवरच्या प्रयोगात लांब, ताठ कार्बन नॅनोनलिकांनी, म्हणजे कार्बनच्या अणूंच्या पोकळ नळ्यांनी, ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा दाह निर्माण केला. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बहुभित्ती (एकात एक अनेक भिंतींच्या) नलिकांचा एक विशिष्ट प्रकार संभाव्य कर्ककारकांच्या यादीत घातला, बाकीच्या नलिकांविषयी मात्र पुरावा अपुरा असल्याचे सांगितले. म्हणजे 'नॅनो' सरसकट घातकही नाही आणि सरसकट निर्धोकही नाही. पदार्थ कोणता, आकार कोणता, आकृती कोणती, कण घट्ट बसवलेला आहे की सुटा, आणि वस्तू फेकल्यावर तो जातो कुठे: एवढे प्रश्न विचारायची सवय लागली की जाहिरातीतल्या 'नॅनो' या अक्षरांनी आपले विद्यार्थी भुलणार नाहीत आणि घाबरणारही नाहीत. युरोपात २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांत नॅनोरूप पदार्थापुढे तसे छापणे बंधनकारक आहे. घटकांची यादी वाचणे हाही विज्ञानाच्या तासाचा भाग होऊ शकतो.

पुस्तक लिहिणाऱ्यांना वेगळे विनवते. या विषयाचा स्वतंत्र धडा शेवटी चिकटवू नका. तो वर्षअखेरीस येतो, घाईत वाचून संपतो. पृष्ठफळाचा भाग गणितात घाला, कलिलाच्या धड्यात फॅरडेंचे लाल सोने घाला, उत्प्रेरकाच्या धड्यात मोटारीची जाळी, आम्लांच्या धड्यात लशीचा कण.

आणि एक प्रयोग नक्की घाला. त्याला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. १७७० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या एका तळ्यावर चमचाभर तेल टाकले. ते पसरत सुमारे अर्ध्या एकरावर गेले आणि तेवढे पाणी आरशासारखे शांत झाले. त्यांनी थराची जाडी काढली नाही. चमच्याचे घनफळ अर्ध्या एकराने भागले की ती दोन-अडीच नॅनोमीटर येते, म्हणजे एका रेणूच्या उंचीएवढी. शंभरेक वर्षांनी जर्मनीतल्या ॲग्नेस पॉकेल्स यांनी स्वयंपाकघरात, भांडी घासताना सुचलेल्या कुतूहलातून, पत्र्याच्या पन्हाळीत असे थर मोजायचे साधन बनवले. त्यांना विद्यापीठात शिकायला मिळाले नव्हते. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले आणि रॅले यांनी ते १८९१ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात छापून आणले. हे मुलींना आवर्जून सांगा.

वर्गात असे करा. मोठ्या, स्वच्छ परातीत पाणी भरा, ते स्थिर होऊ द्या, वर अगदी बारीक पूड हलकेच भुरभुरा. बारीक तारेच्या टोकावर ऑलिव्ह तेलाचा अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा थेंब घ्या. भिंगाखाली मोजपट्टीशेजारी धरून तो मोजता येतो. तार पाण्याच्या मध्यभागी टेकवा. पूड क्षणात बाजूला सरते आणि स्वच्छ वर्तुळ उघडते. त्याचा व्यास मोजा. तो २० सेंटिमीटर आला, तर थेंबाचे घनफळ वर्तुळाच्या क्षेत्रफळाने भागून जाडी येते सुमारे दोन नॅनोमीटर. कोणाची दीड येईल, कोणाची तीन. ज्याची जी येईल ती त्याच्या वहीत तशीच राहू द्या आणि खाली क्रियापद लिहायला सांगा: 'मी मोजली.'

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका